पायातला दोर

माझा थोरला भाऊ गोष्टी सांगत नाही. त्याला त्या सांगता येतच नाहीत. चाळीस वर्षं पाण्याच्या टाक्या साफ करण्यात गेली, पुढे त्या कामावरच्या माणसांचा मुकादम होता. बोलणं म्हणजे 'उतर', 'चढ', 'दोर धर', संपलं. म्हणून त्या रात्री आमच्या गच्चीत तो आपणहून बोलायला लागला तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं. आणि मी कुणासाठी काम खाली ठेवणारी बाई नाही.

जेवणं आटोपली होती. साडेनऊ वाजून गेले असतील. माझा मुलगा, लेक आणि सून, तिघंही नोकरदार, तिशी ओलांडलेली, तीन खुर्च्यांवर बसून तीन फोनांत बुडाली होती. मुलगा म्हणे ऑफिसचं बघतोय. लेक दवाखान्यात परिचारिका, ती म्हणे ड्यूटीचं बघतेय. सुनेने निदान खोटं कारण दिलं नाही. "सवय हो, आई," एवढंच म्हणाली.

भाऊ बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पोरांनो, एक सांगतो."

"हं, मामा," मुलगा म्हणाला. मान खालीच.

"तुझ्या या 'हं'चंच सांगायचंय."

लेक हसली. "मामा, फोन ठेवा म्हणून प्रवचन असेल तर आईचं सकाळीच झालंय."

"ठेवू नका. असू द्या हातात. माझ्या माणसाच्याही हातातच होता."

पुढचं त्याच्याच शब्दांत देते. मी पदरचं काही घातलेलं नाही. मुलांनी मधे तोंड घातलं, तेवढं ठेवलंय.

*

आमच्याकडे एक वरचा माणूस होता. वरचा म्हणजे काय, ते आधी कळू दे. टाकी साफ करायला एक जण आत उतरतो, तो खालचा. एक जण टाकीच्या तोंडाशी बसतो, तो वरचा. दोघांच्या मधे दोर. एक टोक खालच्याच्या कमरेला, दुसरं वरच्याच्या हातात. बंद टाकीतली हवा कधी दगा देईल, सांगता येत नाही. माणूस ओरडतसुद्धा नाही. नुसता खाली बसतो, आणि बसला की संपला. म्हणून दर पाच मिनिटांनी खालचा तीन हिसके देतो. म्हणजे, मी ठीक आहे, तू आहेस ना? वरच्याने उलट तीन द्यायचे. म्हणजे, आहे. हिसके आले नाहीत तर डोकं चालवायचं नाही, ओढायचं.

वरच्याला दुसरं काम नाही. बसायचं आणि असायचं. लोकांना वाटतं, सोपं आहे.

हा माणूस त्यात पटाईत. अकरा वर्षं वर बसला, दोन जणांना वेळेवर ओढून काढलं. त्यातल्या एकाने आपल्या मुलीच्या लग्नात याला नवरदेवाच्या बापाशेजारी बसवला होता, एवढा मान. मग त्याच्याकडे फोन आला.

"तो सगळ्यांकडेच आला, मामा," सून म्हणाली.

सगळ्यांकडे आला. याच्याकडे जरा जास्त आला. मी त्याला दोष देत नाही. दिवसभर गाळात काम करणाऱ्या माणसाशी बोलतं कोण? लोक नाकाला रुमाल लावून लांबून जातात. फोनमध्ये त्याच्या शाळेतल्या त्रेचाळीस जणांचा ग्रुप होता. कुणी वकील, कुणी दुकानदार, दोघं-तिघं परदेशात. हा विनोद टाकायचा आणि त्रेचाळीस जण हसायचे. कुणाला नको असतं ते? मग झालं. उठता-बसता फोन. तळघरात लांबून पाहिलं तर माणूस दिसायचा नाही, नुसता उजळलेला चेहरा. म्हणून आम्ही त्याला काजवा म्हणायला लागलो. त्याच नावाने सांगतो. खरं नाव सांगणार नाही, माणूस अजून आहे.

लिहायला दोन्ही अंगठे लागतात. मग दोर कुठे धरायचा? एके दिवशी पाहतो तर दोर पायाला. डाव्या घोट्याला गाठ मारलेली. खालून तीन हिसके आले की हा बसल्या जागी तीनदा पाय झटकायचा. नजर फोनवरच.

मी झापला. "दोर हातात धर."

म्हणाला, "मुकादम, पाय काय परका आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो. तिथे हसायला नको होतं.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्या कामात एक जुनी रीत आहे. खालचा बाहेर आला की आधी दोर बाहेर काढायचा, मग गप्पा. रिकाम्या टाकीत मोकळा दोर क्षणभर राहू द्यायचा नाही. मी नवीन होतो तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मुकादमाला विचारलं होतं, का म्हणून? तो म्हणाला, "का विचारायला तू वकील आहेस? ओढ." मी ओढला. चाळीस वर्षं ओढत आलो.

बरं. तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. नऊ मजली कार्यालयाच्या तळघरातली टाकी. सोमवारी सकाळी माणसं कामावर यायच्या आत साफ करून भरून द्यायची, साधं काम. काजवा वर, त्याचा मेव्हणा खाली, बस. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. राहायला त्यांच्याकडेच, इमारतीपासून दहा मिनिटांवर. पंपाने पाणी उपसून झालं, पंपवाला घरी गेला. एवढ्या मोठ्या तळघरात दोघं उरले. वर फाटकाशी एक पहारेकरी.

टाकी दोन पुरुष खोल. आत मधोमध भिंत, म्हणजे दोन खोल्या. भिंतीला तळाशी एक भोक, माणूस ओणवा होऊन जाईल एवढं. प्रत्येक खोलीला वर आपापलं तोंड, खाली उतरायला भिंतीला लागून सिमेंटच्या पायऱ्या. त्या रात्री काम होतं ते पंपाकडच्या खोलीत. वरच्याने बसायला हवं होतं पंपाकडच्या तोंडाशी. दोर सरळ पडतो. काजवा बसला दुसऱ्या टोकाला, गाड्या उतरायच्या उताराशी जे तोंड आहे तिथे.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, इथून का? त्या तोंडातून सरळ उतरलो असतो की."

"तिकडे रेंज नाही."

"मला आत काय करायचीय रेंज?"

"तुला नाही रे बाबा, मला. उतर."

"ताईला सांगतो, तिच्या भावाला पायात बांधता म्हणून."

"सांग. तीच म्हणते, त्याला जरा धाकात ठेवा."

असं हसत-खिदळत मेव्हणा उतरला. अकरा वाजून दहा मिनिटं. पहिल्या खोलीतून, भोकातून, पलीकडे गेला. दिसेनासा झाला. काजव्याने खांबाशी पुठ्ठा टाकला. तोंडापासून चार-पाच हात लांब. खांबाला पाठ लावली, पाय पसरला, एका कानात ते फोनचं बोंडूक घातलं आणि ग्रुप उघडला.

ग्रुपवर त्या रात्री वाद रंगला होता. पस्तीस वर्षांपूर्वी मास्तरांची सायकल झाडावर कुणी टांगली? हा म्हणतो त्याने, तो म्हणतो याने. टांगली होती काजव्याने. पण तो सांगेना. नुसती काडी टाकायचा आणि मजा बघायचा. दर पाच मिनिटांनी पायाला तीन हिसके. हा तीनदा पाय झटकी.

साडेबाराच्या सुमाराला समोर दोन बूट आले. कुणीतरी काहीतरी बोललं. पहारेकरी असेल असं काजव्याला वाटलं. तो म्हणाला, "हं." मग माणूस हलेना म्हणून म्हणाला, "हं, बरं." बूट गेले.

पाच मिनिटांनी तीन हिसके आले. याने तीन दिले.

मग पुन्हा. मग पुन्हा.

नंतर त्याला आठवलं, की मेव्हण्याचे हिसके घाईचे असायचे. काम करता करता दिल्यासारखे. साडेबारानंतरचे सावकाश होते. एक... दोन... तीन. मोजून. तेव्हा ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

सव्वा वाजता हा सायकलीच्या वादात इतका बुडाला की उत्तर द्यायचं राहिलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा तीन आले. "आलो रे, आलो," म्हणत याने पाय झटकला.

दीड वाजता त्याने तोंडाकडे बघून हाक मारली. "मेव्हणे, आटपलं का नाही?"

पायाला एक हिसका आला. एकच.

एका हिसक्याला आमच्यात अर्थ नाही. काजव्याला वाटलं, 'अजून थोडं' म्हणतोय. तो पुन्हा फोनमध्ये गेला.

दोन वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला.

"अहो, आहात कुठे? दोन वाजून गेले."

"कामावर. जाणार कुठे? तुझा भाऊ आज बाहेर यायचं नाव घेत नाही. मुक्काम टाकायचाय वाटतं."

ती म्हणाली, "माझा भाऊ?"

"मग काय माझा?"

"तो कधीचा घरी आलाय. पावणेएकला. जेवून झोपला."

"ए, चेष्टा नको हं या वेळी."

"चेष्टा कशाला करू? ऐका." तिने फोन आतल्या खोलीत नेला. करवत चालावी तसं घोरणं ऐकू आलं. काजव्याच्या ओळखीचं. भिंतीपलीकडून रोज ऐकायचा. "म्हणाला, पंपाकडच्या तोंडातून वर आलो. दाजींच्या पुढ्यात उभा राहून सांगितलं, झालं, दोर आत सोडलाय, ओढून घ्या, मी पुढे होतो. तुम्ही बरं म्हणालात म्हणे."

काजव्याला ते दोन बूट आठवले.

आणि पायाला हिसके आले.

एक. दोन. तीन.

*

भाऊ इथे थांबला. मुलाच्या मांडीवर फोन थरथरला. त्याने तो पाहिला नाही, उलटा करून ठेवला.

"मग?" सून म्हणाली.

*

मग त्याने पाय हलवला नाही.

स्वतःची समजूत घातली. खिशात फोन नसताना मांडीवर थरथरल्यासारखं वाटतं की नाही तुम्हाला? हसू नका, वाटतं. मांडीला सवय लागते. तशी घोट्याला लागली असेल. इतके तास हिसके खाल्ले, आता पाय आपला आपणच...

पुन्हा तीन.

पाच मिनिटं झाली नव्हती. अर्धंसुद्धा नाही.

टाकी रिकामी. पंप बंद. दोराचं दुसरं टोक भिंतीपलीकडे जमिनीवर पडलेलं. मेव्हणा घरी घोरतोय.

"अहो?" बायको फोनवर. "गप्प का झालात?"

पुन्हा तीन. या वेळी जरा जोरात. हाक मारून माणूस ओ देत नाही तेव्हा आपण आवाज चढवतो, तसे.

काजवा श्वास रोखून बसला. दोर तोंडाच्या काठावरून खाली गेलेला दिसत होता. सैल होता. मग काठावर तो जरासा हलला... आणि सरळ झाला.

हिसका नाही. ओढ.

पुठ्ठ्यासकट तो वीतभर पुढे सरकला.

तळघराची फरशी गुळगुळीत. पुठ्ठा अलगद सरकला. खांब पाठीपासून सुटला. हाताला धरायला काही नाही.

तो गाठीवर वाकला. दोर ओला, त्यात तीन तास हिसके बसलेले, गाठ दगडासारखी झालेली. नख शिरेना. अशी गाठ एका हाताने सुटत नाही. दोन हात लागतात. दुसऱ्या हातात फोन.

"मग फोन खाली ठेवायचा ना!" लेक ओरडलीच.

तुला बसल्या जागी सोपं आहे, बाळ. मीही त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, मुकादम, सुचलंच नाही. हात माझाच होता. पण बोटं उघडायची असतात, हे आठवेना.

अजून एक हात सरकला.

"काय चाललंय तिकडे? धापा का टाकताय?"

"दोर..." एवढंच त्याच्या तोंडून आलं. "पायाला दोर... कुणीतरी..."

बायको हुशार. कुणी, काय, कसं, काही विचारलं नाही. रोज जेवताना जे ओरडायची तेच ओरडली. "फोन ठेवा! आधी तो हातातला फोन ठेवा!"

त्याला ते ऐकू आलं. रोज यायचं तसंच. आत गेलं नाही.

दोन हात उरले.

एक.

पाय काठाशी आला. डावी टाच तोंडावर आली, आणि खाली गेली. घोटा. पोटरी. खालून गार हवा लागत होती. ओढ वाढली नाही, कमीही झाली नाही. घाई नव्हती. दोराच्या त्या टोकाला जे होतं, त्याला घाई नव्हती.

गुडघा लोखंडी काठावर आपटला. कळ मस्तकात गेली. बोटं उघडली.

फोन आत पडला.

त्याचा दिवा चालू होता. उजेड गिरक्या घेत खाली गेला. काजव्याने कान दिला. दोन पुरुष खोल. खाली सिमेंट. आवाज यायलाच हवा.

आवाज आला नाही.

उजेड मधेच थांबला होता.

जमिनीवर पडून थांबतो तसा नाही. जमिनीच्या वर. थांबला... मग हळूहळू मधल्या भिंतीकडे गेला. तिथे खाली आला. बसलेला माणूस मांडीवर फोन धरतो ना, तेवढ्या उंचीवर टेकला.

दोर सैल पडला.

काजवा अजून एक पाय आत टाकून बसलेला. खाली उजेड. उजेड वळायला लागला. सावकाश. वरच्या बाजूला. धरणाऱ्याच्या तोंडाकडे.

काजव्याने डोळे मिटले.

"काय होतं तिथे, मामा?" मुलाने विचारलं.

तो म्हणतो, पाहिलं नाही. म्हणतो, पाहिलं असतं तर मी तुमच्याकडे आलो नसतो.

डोळे मिटूनच त्याने पाय वर घेतला. बूट ओढून काढला, मोजा काढला, गाठ तशीच्या तशी टाचेवरून खेचली. कातडं सोललं. दोर तिथेच टाकून एका बुटाने उतारावरून वर पळाला.

पहारेकऱ्याने त्याला खुर्चीवर बसवला, पाणी दिलं. घरी कळवू का, म्हणून पहारेकऱ्याने आपला फोन काढला. नंबर? बायकोचा नंबर पाठ नाही. वीस वर्षांचा संसार, नंबर फोनला पाठ. याने दोन आकडे मागेपुढे करत तिसऱ्यांदा बरोबर सांगितला.

पहारेकऱ्याने लावला. कानाला धरला. म्हणाला, "लागत नाही. त्या दुसऱ्या कुणाशी बोलतायत."

काजवा उठला. उजाडेपर्यंत थांबा म्हणाला पहारेकरी. थांबला नाही. एक पाय अनवाणी, लंगडत, दहा मिनिटांचा रस्ता अर्ध्या तासात. तीन वाजून गेले होते. दार वाजवलं.

बायकोने दार उघडलं. कानाला फोन होता. बोलत होती. "...अहो, पण मग सावकाश या, मी जागी आहे," असं म्हणता म्हणता तिने दार उघडलं, आणि नवऱ्याला पाहिलं.

त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांकडे. दोन्ही रिकामे.

फोन कानापासून खाली घेतला. अगदी हळू म्हणाली,

"मग मी मघापासून कुणाशी बोलतेय?"

*

सुनेने खुर्ची माझ्या जवळ ओढून घेतली. मी तिला ओढू दिली.

भावाने घसा खाकरला.

*

मी सकाळी तिला खोदून खोदून विचारलं. काय बोललं ते? ती म्हणाली, काही विशेष नाही, मुकादम. मी यांना विचारलं, लागलंय का कुठे? तर 'हं'. मी म्हटलं, दोर सुटला ना पायातला? तर 'हं'. घरी या आता. 'हं, बरं.' पाऊण तास मीच बोलत होते. आवाज यांचाच वाटला. "आणि खरं सांगू?" ती म्हणाली, "मला शंकासुद्धा आली नाही. हे एरवी तरी काय बोलतात?"

असं म्हणाली, आणि मग रडायला लागली.

तो फोन तिच्याच्याने बंद करवेना. शेवटी मेव्हणा उठून आला, त्याने बंद केला.

साडेपाचला तिघं माझ्या दारात. तिघांचं वेगवेगळं ऐकलं, एकसारखं निघालं. साडेसहाला मी त्या टाकीत उतरलो. दुसऱ्याला पाठवायची हिंमत नव्हती. काजवा बसला होता त्याच तोंडातून उतरलो. वर दोर धरून मेव्हणा. दोन्ही हातांनी. तो दर मिनिटाला माझ्या नावाने ओरडत होता आणि मी दर मिनिटाला पूर्ण वाक्यात उत्तर देत होतो. "मी पहिल्या खोलीत आहे. मी ठीक आहे. मी मुकादमच आहे."

फोन नव्हता. दोन्ही खोल्या, चारही कोपरे, भोक, पंपाची नळी, सगळं बघितलं. नव्हता. दोर तिथेच पडलेला.

टाकी नुकती धुतलेली. जमीन ओलीगच्च, भिंती ओल्या, छतातून थेंब पडत होते. आणि मधल्या भिंतीशी, भोकाच्या बाजूला, एक जागा कोरडी. तिथे बसलं की वर तोंडाशी बसलेल्याचा चेहरा दिसतो. मी बसून नाही पाहिलं, वाकून पाहिलं. कोरडी जागा बसल्या माणसाएवढी होती. पाठ टेकल्याचा पट्टा भिंतीवर. खाली बैठक. पुढे दोन टाचा.

दुपारी टाकी भरून दिली. काय सांगणार होतो त्या ऑफिसवाल्यांना? पाणी शुद्ध होतं. तपासून घेतलं होतं.

"आणि काजवा?" लेकीने विचारलं.

काजवा आता एका गोदामाच्या फाटकावर आहे. दिवसपाळी. टाकीच्या झाकणावरूनसुद्धा चालत नाही, वळसा घालून जातो.

"फोन सोडला असेल."

कुठला? आठव्या दिवशी नवा घेतला. मला हसू आलं नाही. माणूस एकटा किती वेळ बसेल? पण घरात आता 'हं' चालत नाही. बायकोने विचारलं की पूर्ण वाक्य बोलावं लागतं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट, तेही तिच्याकडे बघून. नाही बोलला तर ती ताट वाढत नाही. त्याला आवडतं ते. म्हणतो, वाक्य संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहते.

इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं काजव्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मागच्या वर्षी, पुन्हा फेब्रुवारीचा शेवट. मी निवृत्त व्हायला चार दिवस होते. तीच टाकी आली. मी म्हटलं, मी जातो. पाणी उपसलं. वर्षभर ती टाकी काठोकाठ भरलेली, एक दिवस रिकामी नाही, ऑफिसवाल्यांची नोंद आहे. मी उतरलो. जमिनीवर वर्षाचा गाळ, बोटभर. भिंती शेवाळलेल्या, बुळबुळीत, सगळं ओलं.

मी आधी मधल्या भिंतीकडे बॅटरी मारली. तिथेही गाळ होता. शेवाळ होतं. ती जागा इतर जागांसारखीच. मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, गेलं. वर जायला वळलो. बॅटरी पायऱ्यांवर पडली.

कोरडी जागा तिथे होती. गाळ नाही, शेवाळ नाही, उन्हात तापल्यासारखं कोरडं सिमेंट. पाठीचा पट्टा, बैठक, दोन टाचा.

सर्वांत खालच्या पायरीवर.